उजेडाच्या रेघा : धामणगाव ते पांढरकवडा

आमटी उतू गेली की गॅसची निळी ज्योत एकदम पिवळी होते. मैत्रिणींनो, हे आपण सगळ्याच जणी बघतो. ‘अगंबाई!’ म्हणून गॅस बारीक करतो, ओटा पुसतो आणि विसरून जातो. पण त्या पिवळ्या रंगानं एक बातमी दिलेली असते – आमटीत मीठ पडलंय! मिठात सोडियम असतं. ते ज्योतीत तापलं की असा पिवळाच उजेड देतं. तांब्याचे क्षार ज्योतीत गेले तर ती हिरवी होते, पोटॅशचे गेले तर फिकी जांभळी. दिवाळीच्या झाडातला हिरवा रंग बेरियमचा आणि तांबडा स्ट्रॉन्शियमचा. थोडक्यात काय, हात न लावता, चव न घेता, नुसत्या उजेडावरून पदार्थ ओळखता येतो.

ही विद्या किती लांब पोचते आणि आपल्या घराच्या किती जवळ येते, ते बघायला आज मी तुम्हांला यवतमाळच्या वाटेनं नेणार आहे. तुम्ही म्हणाल, ‘फिरायला जायचं आणि यवतमाळला? तिथं काय आहे?’ खरं आहे. यवतमाळ म्हटलं की कापूस, कर्ज आणि पेपरातल्या काळीज चिरणाऱ्या बातम्याच आधी आठवतात. पण एकदा माझ्याबरोबर चला तर खरं!

उतरायचं धामणगावला

मुंबई-नागपूर रेल्वेनं निघालं, बडनेरा मागे टाकलं की काही वेळानं धामणगाव येतं. स्टेशन अमरावती जिल्ह्यात, पण यवतमाळकरांचं ते जुनं दार. इथून यवतमाळ सुमारे ४५ किलोमीटर. आपल्याला ज्या सालात जायचंय त्या १८९८ मध्ये यवतमाळला आगगाडी पोचलीच नव्हती. मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळला जाणारी छोटी ‘शकुंतला’ पुढच्या शतकात आली, आणि आता तीही थांबली आहे. जिल्ह्याचं नावसुद्धा तेव्हा वणी जिल्हा असं होतं. ‘यवतमाळ जिल्हा’ हे नाव १९०५ सालचं.

धामणगावहून नागपूरकडे जाताना तळणी नावाचं छोटं स्टेशन लागतं. तिथून पुढे वर्धा नदी ओलांडली की पुलगाव. तळणीला बघण्यासारखं काय, असं विचाराल तर सांगण्याजोगं काही नाही. काळी शेतं, पऱ्हाटी, तुरी आणि मोकळं आभाळ. पण २२ जानेवारी १८९८ या दिवशी त्या मोकळ्या आभाळासाठीच सातासमुद्रापलीकडून माणसं इथं येऊन राहिली होती.

तो शनिवार होता, पौषातली अमावास्या. त्या दुपारी खग्रास सूर्यग्रहण लागणार होतं. चंद्राची सावली विजयदुर्गापाशी कोकणात शिरली, घाट चढली, करमाळ्याजवळच्या जेऊरवरून ईशान्येला धावत वऱ्हाडात आली. मुलांचा भूगोलाचा नकाशा काढा आणि जेऊर ते तळणी पट्टी ठेवा; रेघ दारव्हा, नेर या भागावरूनच जाते. म्हणजे यवतमाळ जिल्ह्याच्या उत्तर अंगालाही त्या दिवशी भर दुपारी दिवेलागण झाली. जानेवारी म्हणजे कापूस वेचणीचे दिवस. ओटीत कापूस घेऊन बायका शेतात उभ्या असतील, तर त्यांनी काय केलं असेल, देव जाणे!

जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्रोफेसर कावसजी नायगमवाला आपली यंत्रं घेऊन गेले होते. विजयदुर्गावर इंग्लंडातले सर नॉर्मन लॉकयर होते, पुलगावलाही एक तळ होता. आणि आपल्या तळणीला होता ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या हौशी मंडळाचा तळ. पूर्ण अंधार किती वेळ टिकणार, तर जेमतेम दोन मिनिटं. आपल्याकडे तेवढ्यात धड चहासुद्धा उकळत नाही! मग दोन मिनिटांसाठी एवढा खटाटोप कशाला?

पदरातले काळे धागे

लोलकातून उन्हाची तिरीप गेली की भिंतीवर सात रंगांचा पट्टा पडतो, हे शाळेत सगळ्यांनी पाहिलंय. १८१४ मध्ये फ्राउनहोफर नावाच्या जर्मन भिंगकारागिरानं हा पट्टा फार बारकाईनं पाहिला. त्याला त्यात काळ्या रेघा दिसल्या. रंगीत पदरात कुणी मधूनमधून काळे धागे विणावेत तशा! एक-दोन नव्हे, पाचशेंहून अधिक. त्या कशाच्या, हे मात्र त्याला कळलं नाही.

पुढे १८३५ मध्ये ऑगस्त कोंत नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञानं लिहून ठेवलं, की ताऱ्यांची अंतरं मोजता येतील, पण ते कशाचे बनलेत हे माणसाला कधीच कळणार नाही. बिचारं भाकीत पंचवीस वर्षंही टिकलं नाही! १८५९ मध्ये हायडेलबर्गला किरखॉफ आणि बुन्सेन या दोघांनी कोडं सोडवलं. नियम साधा आहे बघा : एखाद्या पदार्थाची वाफ तापली की ठरावीक रंगाचा उजेड देते, आणि मागून प्रखर उजेड आला, तर नेमका तोच रंग ती स्वतः गिळते. देते तेव्हा चकचकीत रेघ, गिळते तेव्हा काळी रेघ. जागा मात्र तीच. सूर्याच्या पट्ट्यात पिवळ्या भागात दोन ठळक काळ्या रेघा आहेत, त्या नेमक्या तुमच्या उतू गेलेल्या आमटीच्या जागी. म्हणजे सूर्यावर सोडियम आहे! लोखंडाच्या रेघा जुळल्या, कॅल्शियमच्या जुळल्या. नऊ कोटी तीस लाख मैलांवरून सूर्याची पाककृतीच हाती आली म्हणा ना!

घरी एक जुनी सी.डी. असेल तर तिरकी धरून साध्या दिव्याचा उजेड तिच्यात बघा; रंगांचा सलग पट्टा दिसेल. मग जुन्या सी.एफ.एल. दिव्याचा बघा; पट्टा तुटून रंगांचे वेगवेगळे पट्टे दिसतील. त्यातले काही त्या दिव्यातल्या पाऱ्याचे असतात. मुलांना हा खेळ जरूर दाखवा. मात्र सूर्याचं प्रतिबिंब सी.डी.त चुकूनही बघू देऊ नका, डोळे कायमचे जातात.

आता ग्रहणाचं काम सांगते. सूर्याच्या तेजस्वी गोलावर तापलेल्या वायूंचा एक पातळ थर असतो. एरवी गोलाच्या लखलखाटात तो दिसतच नाही. चंद्रानं गोल झाकला, की एक-दोन सेकंद बांगडीच्या कडेसारखा तेवढाच थर उरतो. मागचा प्रखर उजेड गेला, की जिथं काळ्या रेघा होत्या तिथंच रंगीत रेघा लखकन चमकून उठतात. तळणीला जॉन एव्हरशेड नावाचा तरुण इंग्रज याच चमकेचे फोटो घ्यायला आला होता, आणि त्याला ते मिळाले. पुढे हा माणूस हिंदुस्थानातच नोकरीला आला आणि कोडाईकनालच्या वेधशाळेचा प्रमुख झाला. सूर्यावरच्या डागांतून वायू बाहेरच्या बाजूला वाहतात हे त्यानं १९०९ मध्ये तिथं शोधलं, तेही रेघा किंचित सरकलेल्या पाहूनच.

विजयदुर्गाचं नाव आलंच आहे, तर एक खुलासा करू. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होते. त्या ग्रहणात सूर्याच्या कडेच्या ज्वाळांमध्ये एक पिवळी रेघ दिसली. सोडियमच्या अगदी शेजारची, पण तीच नव्हे! लॉकयरसाहेबांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडातून ती पुन्हा पाहिली, पृथ्वीवर माहीत नसलेला हा कुणी नवा पदार्थ असणार असं ठरवलं, आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हणू लागले. पृथ्वीवर तो वायू सापडायला १८९५ साल उजाडलं. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवून हेलियम इथंच सापडला असं सांगतात. पण साहेब गडावर आले ते १८९८ च्या ग्रहणाला, आपल्या तळणीच्याच दिवशी. गडाचा मान त्यानं कमी होत नाही. पण जे जसं झालं ते तसंच सांगावं.

तळणीची पाहुणी

तळणीच्या तळावर एक बाई होत्या – ॲनी मॉन्डर. जन्म १८६८ चा, हेलियमच्याच वर्षीचा. मूळच्या आयर्लंडच्या. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकल्या, १८८९ मध्ये परीक्षा उत्तम पास झाल्या. पण तिथं बायकांना तेव्हा पदवी देत नसत! पुढे ग्रिनिचच्या सरकारी वेधशाळेत आकडेमोड करायच्या तुटपुंज्या पगाराच्या नोकरीवर लागल्या. सूर्यावरचे डाग रोज मोजायचे, फोटो घ्यायचे. १८९५ च्या अखेरीला तिथल्याच वॉल्टर मॉन्डर यांच्याशी लग्न झालं आणि नोकरी सुटली. का? तर लग्न झालेल्या बाईला सरकारी नोकरीत ठेवायचं नाही असा नियमच होता. वाचताना तुम्हांला आपल्याकडची किती उदाहरणं आठवली असतील, मी काय सांगू!

बरं, नोकरी सुटली म्हणून सूर्य थोडाच सुटतो! रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं १८९२ मध्ये त्यांना सभासद करून घ्यायला नकार दिला होता. ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशननं मात्र १८९० मध्ये स्थापनेपासूनच बायकांना दार उघडं ठेवलं होतं. ॲनीबाई त्या मंडळाबरोबर तळणीला आल्या, स्वतःचा कॅमेरा घेऊन. एव्हरशेड रेघा टिपत होता. ॲनीबाईंचं लक्ष होतं सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाकडे, म्हणजे काळ्या चंद्राभोवती पसरणाऱ्या मोतिया तेजाकडे. त्या दोन मिनिटांत त्यांनी घेतलेल्या फोटोत सूर्यापासून निघालेला एक झोत दिसला. सूर्याच्या त्रिज्येच्या दहा पटींहूनही लांब! एवढा लांब झोत तोवर कुणालाच टिपता आला नव्हता. मोठमोठ्या दुर्बिणी घेऊन आलेल्या सरकारी तळांना जमलं नाही, ते तळणीच्या शेतात छोट्या कॅमेऱ्यानं जमलं. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं दार बायकांना उघडलं ते १९१६ मध्ये, आणि ॲनीबाईंना सभासदत्व मिळालं तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या.

बाभूळगाव, यवतमाळ आणि बोटातली अंगठी

आता धामणगावहून दक्षिणेला वळू. बाभूळगावकडे निघालं की यवतमाळ जिल्ह्यात आलोच. ‘सूर्यावर काय आहे ते कळलं,’ तुम्ही म्हणाल, ‘पण आमच्या घरात त्याचा काय उपयोग?’ तेच तर आता सांगायचंय. तळणीला जो नियम सूर्याला लावला, तोच या जिल्ह्यात रोज लावला जातो. सोन्याला, मातीला. आणि पाण्याची तपासणीही उजेडावरच होते.

पेरणीच्या तोंडावर यवतमाळच्या सराफ्यात गेलात तर दागिना घेणाऱ्यांपेक्षा दागिना ठेवायला आलेल्या बाया जास्त भेटतील. बियाणं, खत, मजुरी, सगळं एकदम येतं, आणि कापूस घरात यायला दिवाळी उलटते. मग कानातलं, एकदाणी, वेळ पडली तर मंगळसूत्र काउंटरवर येतं. पूर्वी सराफ कसोटीच्या दगडावर घासून सांगेल ते खरं मानायचं. आता बऱ्याच दुकानांत कॅरट मीटर असतं. दागिन्यावर क्ष-किरण पडतात. सोनं, चांदी, तांबं प्रत्येक धातू आपापल्या ठरावीक क्ष-किरणांनी उत्तर देतो, आणि यंत्र शेकडा किती काय ते सांगतं. दागिना कापावा लागत नाही की वितळवावा लागत नाही. १०० भागांत ९१.६ भाग सोनं असलं की बावीस कॅरट.

दोन गोष्टी मात्र पदराला गाठ मारून ठेवा. एक, हे यंत्र वरचा पातळ थरच वाचतं. जाड मुलामा असला तर फसू शकतं. शंका असेल तर हॉलमार्क केंद्रात तुकडा वितळवून होणारी तपासणी मागा. दुसरी, नवीन दागिना घेताना सहा अक्षर-अंकांची एच.यू.आय.डी. खूण बघा. १ एप्रिल २०२३ पासून तिच्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. आणि दागिना ठेवायला जाल तेव्हा आकडा आपल्यासमोर काढायला सांगा, चिठ्ठी मागून घ्या. लाजायचं कारण नाही, सोनं आपलं आहे.

मातीचा आजार

यवतमाळला सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळा आहे. सोनं ज्या मातीसाठी गहाण पडतं, ती माती इथं तपासतात. मातीतलं पोटॅश काढायला मातीचा अर्क ज्योतीत फवारतात आणि पोटॅशच्या रंगाचा उजेड किती पडला ते यंत्र मोजतं. आमटीचाच प्रकार, फक्त नीट मोजलेला. जस्त, लोह, तांबं, मँगनीज यांच्यासाठी उलटी युक्ती. जस्ताचा खास दिवा लावायचा, त्याचा उजेड ज्योतीतून पलीकडे पाठवायचा. अर्कात जस्त असेल तर ते आपला उजेड गिळतं. जितका उजेड कमी, तितकं जस्त जास्त. ओळखलंत ना? फ्राउनहोफरच्या काळ्या रेघा त्या याच!

विदर्भाच्या काळ्या जमिनीत पुष्कळ ठिकाणी जस्त कमी पडतं. वरून जमीन काळीभोर, कसदार दिसते, पीक मात्र पिवळं पडतं, खुरटतं. मग दुकानदार सांगेल ते खत पोत्यानं टाकायचं, आणि ते पोतं आणायला पुन्हा सराफ्याची पायरी. जे मातीत आहेच ते विकत आणून टाकायचं आणि जे नाही ते राहूनच जायचं, अशी ही गत. घरात कुणी आजारी पडलं तर रक्त तपासल्याशिवाय आपण महाग औषध आणत नाही. मग मातीला अंदाजानं का द्यावं?

नमुना घेण्याचं काम बायकांच्या हातचं आहे, नीटनेटकं हवं. पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी, शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडा. बांधाजवळची, विहिरीजवळची, झाडाखालची, उकिरड्याची जागा सोडा. इंग्रजी व्ही आकाराचा, वीतभर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडून घ्या. सगळी माती एकत्र कालवा, भाकरीसारखी पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेली पुन्हा कालवा; अर्धा किलो उरेपर्यंत असंच. सावलीत वाळवा, उन्हात नको. जस्ताच्या पत्र्याचं घमेलं किंवा खताची रिकामी पिशवी मुळीच वापरू नका. घमेल्याचं जस्त मातीत मिसळलं तर यंत्र तेही इमानेइतबारे मोजेल! प्लॅस्टिकचं टोपलं आणि धुतलेली कापडी पिशवी उत्तम.

पांढरकवड्याचं पाणी

यवतमाळहून आग्नेयेला गेलं की नागपूर-हैदराबाद रस्त्यावर पांढरकवडा लागतं. पावसाळ्यानंतर हा भाग हिरवागार असतो, जवळच टिपेश्वरचं जंगल आहे, वाघ दिसला तर नशीब. पण इथल्या काही गावांत पोरं हसली की दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात. ते राखुंडीनं किंवा पेस्टनं जात नाहीत, कारण दोष घासण्याचा नाही, पाण्याचा आहे. खोल बोअरच्या पाण्यात खडकातलं फ्लोराईड उतरतं. पाणी दिसायला नितळ, चवीला चांगलं. तेच वर्षानुवर्षं पोटात गेलं की दातांवर डाग पडतात, आणि प्रमाण फार असेल तर हाडं, सांधे आखडतात.

हे डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. इथंही उजेडच लागतो. पाण्यात एक लाल रंगद्रव्य घालतात. फ्लोराईड जितकं जास्त, तितका रंग फिका पडतो. मग एका ठरावीक रंगाचा उजेड त्यातून सोडून तो किती पार गेला ते मोजतात. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं; दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं, त्यावर नाही. आणि हे जरूर लक्षात ठेवा : पाणी उकळून फ्लोराईड जात नाही. उलट पाणी आटतं आणि ते वाढतंच. उकळणं जंतूंसाठी. त्यामुळे गावात दोन-तीन पंप असतील तर प्रत्येकाचं पाणी वेगळं तपासून घ्या, आणि पिण्या-स्वयंपाकाला चांगल्या पंपाचंच भरा. धुण्याभांड्याला दुसरं चालेल. पाणी भरायला दोन खेपा लांब जावं लागेल, आणि त्या खेपा बहुतेक आपल्यालाच घालाव्या लागतील, हे मला ठाऊक आहे. पण पोरांचे दात पक्के होण्याची वर्षं परत येत नाहीत.

येताना कळंबला उतरून जमिनीच्या पोटातल्या चिंतामणीचं दर्शन घ्या. आणि हो, मातीच्या पिशवीत एक चिठ्ठी घालायची असते : गाव, गट नंबर, मागचं पीक, पुढचं पीक आणि कास्तकाराचं नाव. ॲनीबाईंच्या काळी लग्न झालेल्या बाईचं नाव नवऱ्याच्या नावानंच छापायची रीत होती. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव कुणाचंही असो. पण ज्या बाईनं पेरलं, निंदलं, वेचलं आणि आता माती खरवडून आणली, तिनं त्या चिठ्ठीवर आपलंही नाव लिहावं. शाईपेक्षा पेन्सिलीनं लिहिलेलं बरं, ओलीनं फुटत नाही.